हाताला काही लागलेलंच चालत नाही! स्पर्शाचा त्रास होणाऱ्या मुलांसाठी घरातले खेळ

जुई_भांडुप | १९ जून, रात्री ११:०५

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचनमात्र होते, आज राहवलं नाही म्हणून धागा काढतेय. लांबण लागणार आहे, आधीच माफी.

लेक साडेचार वर्षांचा. शाळा सुरू होऊन आठवडा होत आला आणि आमच्याकडे रोज सकाळी सव्वासातला मोज्यांवरून महाभारत. मोज्याच्या टोकाला शिवण असते ना, ती त्याला "चावते". मोजा काढायचा, झटकायचा, परत घालायचा, असं पाच-सहा वेळा. खाली रिक्षावाले काका हॉर्न मारतात, मी ओरडते, तो रडतो. शर्टाच्या मानेमागची लेबलं मी केव्हाच उसवली. तरी उसवल्यावर राहिलेले दोन धागे तो बरोबर शोधून दाखवतो.

हे आजचं नाही. दीड वर्षाचा असताना बोरनहाण केलं होतं. बाकीची पोरं खाली पडलेला हलवा वेचत होती आणि हा अंगावर चुरमुऱ्यांची पहिली मूठ पडताच असा किंचाळला की खालच्या मजल्यावरच्या काकू धावत वर आल्या. सगळे हसले. मीही हसले, त्याचं आता वाईट वाटतं. वरणभात हाताने खात नाही, चमच्याच्या दांड्याला वरण लागलं तर चमचा पुसून मागतो. नखं तो झोपल्यावर मोबाइलच्या उजेडात कापते. पण गंमत अशी की सोफ्याच्या सगळ्या उशा अंगावर रचून त्याखाली पडून राहायला त्याला फार आवडतं, आणि माझ्या कुशीत शिरला की "अजून घट्ट" म्हणतो. म्हणजे स्पर्शच नको असं नाही.

याच आठवड्यात शाळेत तळहाताला रंग लावून ठसे घेत होते. हा हात देईना, तर बाईंनी मनगट धरून हात रंगात बुडवला. त्याला तिथेच उलटी झाली. वर मला विचारलं, "घरी लाड फार होतात का?" सासूबाईंचंही तेच मत आहे, फक्त त्या प्रश्न म्हणून विचारत नाहीत.

मुलांच्या डॉक्टरांनी तपासलं. बोलणं, ऐकणं, खेळणं वयाला धरून आहे, पण एकदा ऑक्युपेशनल थेरपिस्टला (रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणारे तज्ज्ञ) दाखवा म्हणाले. नंबर पुढच्या महिन्याच्या शेवटचा मिळालाय. तोवर घरी काय करता येईल? ऑनलाइन एक "सेन्सरी किट", म्हणजे स्पर्शाच्या खेळांचा संच, तीन हजारांना दिसतंय. घर वन बीएचके, माणसं पाच, पाणी सकाळी दीड तास. घ्यावं का?

दोन_पोरांचा_बाप | १९ जून, रात्री ११:४०

किट घेऊ नका. मी घेतलं होतं, सध्या माळ्यावर आहे.

आमची थोरली अशीच होती, आता दहा वर्षांची आहे. त्या किटमध्ये पाण्यात टाकल्यावर फुगणारे रंगीत मणी होते. दिसायला साबुदाण्याएवढे, भिजले की गोटीएवढे होतात. धाकटा तेव्हा रांगत होता. असा मणी पोटात गेला तर आत फुगत राहतो, आतडं अडवू शकतो आणि साध्या एक्स-रेत बहुतेकदा दिसतही नाही. आमच्या डॉक्टरांनी हे सांगितल्यावर त्याच रात्री पाकीट कचऱ्यात गेलं. लहान भावंड घरात असेल तर तो प्रकार उंबऱ्याच्या आत आणूच नका.

आणि माझी चूक सांगतो. "भीड चेपली की सवय होईल" म्हणून मी तिचा हात धरून भिजवलेल्या कणकेत घातला. पोहायला शिकवताना ढकलतात तसं. पुढे पंधरा दिवस पोरगी कणकेचा डबा उघडला की स्वयंपाकघरातून पळायची. तुमच्या शाळेतल्या बाईंनी केलं तेच मी बाप असून केलं होतं.

ओटीवाली | २० जून, सकाळी ६:५०

नावावरून गैरसमज नको, ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, खणानारळाची नव्हे. :) परळला शिकले, आता मुलांबरोबरच काम करते. इथे बसून कुणाच्याही मुलाचं निदान करणार नाही, पण वर्णन ओळखीचं आहे.

आमच्यात याला टॅक्टाइल डिफेन्सिव्हनेस म्हणतात, म्हणजे साध्या स्पर्शालाही धोका समजून झिडकारणं. कॅलिफोर्नियातल्या जीन आयर्स या थेरपिस्टने १९६०च्या दशकात यावर लिहायला सुरुवात केली. १९७२ साली सेन्सरी इंटिग्रेशनवरचं (मेंदू संवेदनांची जुळवाजुळव कशी करतो त्यावरचं) तिचं मुख्य पुस्तक आलं. तिची मांडणी सोपी करून सांगते. त्वचेकडून आलेल्या बातमीचं मेंदूला दोन प्रकारे काय ते करायचं असतं. एक, हे काय आहे ते ओळखणं. खिशात हात घालून न बघता नाणं कोणतं ते कळतं ना, ते. दुसरं, यापासून धोका आहे का ते ठरवणं. पायावर झुरळ चढलं तर आपण आधी झटकतो, मग बघतो. या मुलांमध्ये ते झटकण्याचं खातं दिवसभर उघडं असतं. मोज्याची शिवण तुमच्यासाठी शिवण आहे, त्याच्यासाठी झुरळ. आणि आपण सकाळी बांगडी घातली की पाच मिनिटांत ती हातात आहे हे विसरून जातो. त्याला ते विसरणं जमत नाही. लाडाचा संबंध नाही.

आता उशांचं. हलका, अचानक, भुरभुरणारा स्पर्श मज्जासंस्थेला जागं करतो, आणि खोल, सावकाश, सगळीकडून सारखा दाब बहुतेकांना शांत करतो. तुमच्या लेकाने स्वतःचा उपाय स्वतः शोधलेला आहे, तुम्ही फक्त तो वेळेवर वापरायचा.

म्हणून चिकट-ओल्या खेळाकडे थेट जायचं नाही. आधी दहा मिनिटं जड काम. कांद्याची दोनेक किलोची पिशवी दारापासून ओट्यापर्यंत आणणं, खुर्ची ढकलत हॉलच्या या टोकापासून त्या टोकाला नेणं, ओला नॅपकिन पिळणं, दोन्ही हातांनी भिंत "मागे सरकवणं". गोधडीत गुंडाळी करायची असेल तर तोंड आणि मान पूर्ण बाहेर, आणि तो "बस" म्हणाला की त्याच क्षणी सोडायचं. ते "बस" पाळलं जातं हे त्याला दहा वेळा दिसलं की अकराव्यांदा तो स्वतः गुंडाळायला सांगतो.

मग परात. जुनी चादर अंथरायची, मध्ये परात, परातीत दोन वाट्या तांदूळ, आणि तांदळात त्याच्या दोन गाड्या. हात घालायचा आग्रह नाही. डाव, चाळणी, नरसाळं, जुना चहाचा गाळणा द्या. हत्यारांनी खेळणारं मूल खेळतंच आहे, बिचकू नका. शेजारी ओला नॅपकिन ठेवा, त्याला दिसेल असा. पुष्कळ आया तो मुद्दाम लपवतात, "नाहीतर सारखे हात पुसत बसेल". बसू दे ना पुसत! पुसता येतं ही खात्री असेल तरच बोट पुढे येतं.

कोरडं जमलं की किंचित ओलं, मग ओलं, चिकट अगदी शेवटी. कणकेच्या सुटसुटीत गोळ्यापासून चिकट पिठापर्यंत यायला काही मुलांना आठवडे लागतात, काहींना महिने. कच्ची कणिक तोंडात जाणार नाही एवढं बघा. तीन वर्षांखालचं मूल घरात असेल तर दाणे, कडधान्यं नकोत, घशात अडकतात. कच्चा राजमा तर खेळायला देऊच नये, तो पोटात गेल्यास विषबाधा होते. टाल्कम पावडरही नाही, श्वासात जाते.

एक शेवटचं. व्हिडिओ बघून मुलाच्या अंगावरून ब्रश फिरवायचा प्रकार चालतो, तो शिकलेल्या माणसाने दाखवल्याशिवाय करू नका. वजनदार पांघरुणं पण तशीच, विचारल्याशिवाय लहानग्यांवर घालायची नाहीत.

आजी_ऑनलाइन | २० जून, सकाळी ९:१५

जुईबाई, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि म्हणावं, माझंही हेच मत होतं.

माझा नातू माझ्याकडेच वाढला, गोरेगावला. त्याला हाताला काही लागलेलं चालत नसे. मी काही थेरपी केली नाही, माहीतच नव्हती. फक्त दुपारी मटार नाहीतर भुईमुगाच्या शेंगा घेऊन बसायची आणि त्याला म्हणायची, "माझे डोळे गेले रे, किडका दाणा कोणता ते बघून देतोस?" त्याला काम दिलं होतं, खेळ म्हणाले असते तर उठून गेला असता. शेंग फोडायला बोटाला जोर लागतो, ते तुमच्या त्या जड कामात बसत असेल.

दिवाळीच्या उटण्याचं मात्र माझं चुकलं. अभ्यंगस्नानाला उटणं खसाखसा चोळलं आणि पोर मोरीतून नागडं पळालं, जिन्यापर्यंत! पुढच्या वर्षी कोमट तेल तळहातावर घेऊन नुसतं दाबत दाबत लावलं, उटणं त्याच्याच हातात दिलं. त्याने गुडघ्याला एक ठिपका लावला. म्हटलं झालं, आंघोळ संपली.

शंकासुर | २० जून, दुपारी १:३०

रंगात भंग करतोय, पण कुणीतरी करायला हवा. आमच्या वेळी पोरं शेणाने सारवलेल्या अंगणात वाढली, कुणाला काही झालं नाही, वगैरे म्हणणार नाही. तसं म्हणणाऱ्यांना मोज्याच्या शिवणीची पोरं दिसली नसतील इतकंच.

माझा मुद्दा वेगळा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ साली स्पष्ट सांगितलं की "सेन्सरी प्रोसेसिंग डिसऑर्डर" (संवेदना हाताळण्यातला बिघाड) असं स्वतंत्र निदान मुलांवर चिकटवू नका, आणि या थेरपींचा पुरावा मर्यादित आहे हे पालकांना सांगा. ब्रिटनमध्ये स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांवर मोठी चाचणी झाली, निष्कर्ष २०२२ मध्ये आले. सेन्सरी इंटिग्रेशन थेरपी घेतलेल्या आणि नेहमीची मदत घेतलेल्या मुलांच्या वागण्यात म्हणावा असा फरक नव्हता. मग परातीत तांदूळ घालून नेमकं काय बरं होणार आहे?

ओटीवाली | २० जून, रात्री १०:२०

शंकासुर, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि बरं झालं मांडल्यात. फक्त पुढचं वाक्य जोडते. त्याच अकादमीने असंही म्हटलं होतं की मुलाच्या एकूण मदतीचा एक भाग म्हणून या पद्धती वापरायला हरकत नाही. आणि २०१४ साली अमेरिकेतली एक छोटी चाचणी आहे, ३२ मुलांची, तिच्यात "दात घासू देणं", "केस धुऊ देणं" अशी घरच्यांशी बोलून ठरवलेली वैयक्तिक उद्दिष्टं थेरपी घेतलेल्या मुलांनी जास्त गाठली. लहान अभ्यास आहे, त्यावर इमले बांधू नयेत. पण मला त्यातून एवढं घेता येतं की "मूल बरं झालं का" असं मोजायला गेलात तर हाती काही लागत नाही. "मोजे घालायला वीस मिनिटं लागायची, आता आठ लागतात का" असं मोजलं तर निदान कळतं तरी.

तांदळाची परात हे औषध नाही, हे मान्य. दीड-दोन महिने खेळून काहीच हललं नाही तर मुकाट्याने पद्धत बदलायची. आणि कुणी "वीस सिटिंगमध्ये ऑटिझम घालवतो" म्हणालं तर चपला घालून बाहेर पडायचं.

जुई, तुमच्यासाठी वेगळं: स्पर्शाचा त्रास असणारं प्रत्येक मूल स्वमग्न नसतं. २०१३ पासून ऑटिझमच्या निदानाच्या निकषांत संवेदनांचा अतिरेक किंवा कमतरता हा एक निकष आहे, पण तो अनेकांपैकी एक. रात्री गूगल करत जागू नका.

शंकासुर | २० जून, रात्री १०:५५

वीस मिनिटांवरून आठवर, हे पटलं. बाकी चालू द्या, मी परात बघत बसतो.

कासव | २१ जून, सकाळी ८:०२

लोकलमधून लिहितोय. मी ते मूल होतो, आता वय ४१.

लोक म्हणतात तुला स्पर्शाचा त्रास, मग मुंबईत लोकलने कसा जातोस? ठाण्याहून गाडी भरून निघते तेव्हा मी चार माणसांत चेपून उभा असतो. काही होत नाही, उलट बरं वाटतं, खरंच सांगतो. दादरला अर्धा डबा रिकामा होतो आणि मग कुणाच्या तरी सॅकचा लोंबता पट्टा गाडीच्या हेलकाव्याबरोबर माझ्या कोपराला हलकाच लागतो, सुटतो, लागतो, सुटतो. दादर ते भायखळा, बस. तेवढ्यात माझे दात आवळले जातात. ओटीवालींनी हलकं आणि खोल म्हटलंय ते वाचून मला पहिल्यांदा कळलं की मी विक्षिप्त नाही.

लहानपणी सगळ्यात भयंकर काय वाटायचं ते सांगू? हळदीकुंकवाला आलेल्या बायका. गालगुच्चा, केसांतून बोटं, गालाला ओला हात. आणि आई म्हणायची, "असं तोंड करू नये, प्रेमाने करतात." माझ्या लेखी ती गालावर चढलेली पालच होती. जुई, बाकी काही नाही जमलं तरी पाहुण्यांच्या आणि त्याच्या मध्ये उभ्या राहा. "त्याला नमस्कार करायला आवडतो" एवढं म्हटलं की माणसं हात जोडतात, कुणी रागावत नाही.

मोजे: उलटे घाला. शिवण बाहेर. मी अजूनही तसेच घालतो, बुटात कोण बघतंय!

जुई_भांडुप | २२ जून, रात्री ११:३०

उलटे मोजे!! साडेचार वर्षांत हे सुचलं नाही. आज पहिल्याच फटक्यात बूट. रिक्षावाले काका वर बघून म्हणाले, "आज लवकर?"

कासव, तुमचं वाचून नवरा बराच वेळ गप्प बसला होता. मग म्हणाला, मला पण लोकरीचा स्वेटर कधीच सहन झाला नाही.

ओटीवाली, नंबर लवकर मिळावा म्हणून दुसरीकडे कुठे जाता येईल? खासगी सेंटरच्या फिया बघून छाती दडपली.

ओटीवाली | २३ जून, सकाळी ७:१०

केईएम, सायन, नायर या पालिकेच्या तिन्ही रुग्णालयांत ओटीचा विभाग आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा, मुलांच्या ओपीडीतून संदर्भचिठ्ठी असेल तर सोपं जातं. गर्दी असते, डबा आणि पाणी घेऊन जा. तिथे आठवड्यातून एकदा भेट मिळाली तरी पुरे, कारण खरं काम घरीच होतं.

अवांतर पण अभिमानाचं: भारतातच नव्हे, आशियातलं ओटीचं पहिलं विद्यालय १९५० साली केईएममध्ये सुरू झालं. सुरू करणाऱ्या कमलाबाई निंबकर जन्माने अमेरिकन. लग्न करून इथल्या झाल्या आणि चाळिशी उलटल्यावर फिलाडेल्फियाला जाऊन हे शास्त्र शिकून परत आल्या.

आजी_ऑनलाइन | २३ जून, सकाळी १०:४०

फलटणला कमला निंबकर बालभवन आहे, त्याच ना या कमलाबाई? इतकी वर्षं नाव ऐकतेय, हे माहीत नव्हतं.

ओटीवाली | २३ जून, दुपारी २:००

त्याच.

जुई_भांडुप | १२ जुलै, रात्री १०:४५

हजेरी लावते. खरं खरं लिहिते, नुसतं गोड नाही.

पहिल्या दिवशी तांदळाची परात सपशेल पडली. मी इतक्या उत्साहात होते की त्याला संशयच आला. दोन गाड्या तांदळातून चमच्याने उचलून घेतल्या आणि निघून गेला. वर सासूबाई, "खायचं अन्न पायाखाली", हे होतंच. दुसऱ्या दिवशी मी काही बोललेच नाही. परात मांडली आणि स्वतःच चाळणीतून तांदूळ पाडत बसले. खोटं कशाला बोलू, मलाच बरं वाटलं. तो आवाज! पावसाचा आवाज येतो म्हणून तो जवळ आला. चौथ्या दिवशी चाळणी त्याच्या हातात. नवव्या दिवशी चाळणीखाली तळहात धरला, आणि लगेच नॅपकिन. मग परत तळहात. मी आमटीकडे बघत असल्याचं नाटक केलं.

अन्नाच्या प्रश्नावर तोडगा सासूबाईंनीच काढला. तांदूळ निवडायचे आहेत असं सांगून त्या स्वतः शेजारी बसतात, खेळ झाला की चाळून, धुऊन भात. आता परातीची वेळ त्यांचीच झालीय, साडेचार वाजता. मला मध्ये बोलू देत नाहीत.

वन बीएचकेत ओल्या खेळाची जागा मोरी. खाली पाट, बादलीत चार तांबे पाणी, आणि स्पंज, काथ्याची घासणी, शिंपला, जुना ब्रश. कपडे काढून बसवला की धुण्याचाही प्रश्न नाही, आणि खेळलेलं पाणी लादीला वापरते. काथ्या अजिबात नको, स्पंज दाबून पाणी काढायला आवडतो.

काय जमलं नाही: शेव्हिंग फोम. एका मैत्रिणीने सुचवला, वासानेच ओकारी. आणि दहीभात अजून लांबूनच.

आता प्रश्न. खाली सोसायटीत पाण्याचं मोठं डबकं झालंय, सगळी पोरं अनवाणी नाचतात. हा काल पहिल्यांदा "मी पण" म्हणाला. मला रडूच आलं. पाठवू का?

दोन_पोरांचा_बाप | १२ जुलै, रात्री ११:१०

आनंद समजतो, तरी पाठवू नका! मुंबईचा पावसाळा, उंदीर, लेप्टो (उंदरांच्या मुतामुळे साचलेल्या पाण्यातून होणारा ताप). पायाला बारीक खरचटलेलं असलं तरी पुरतं. त्याने "मी पण" म्हटलंय तर घमेल्यात नळाचं पाणी आणि कुंडीची विकत आणलेली माती, गॅलरीत. गमबूट घालून डबक्याच्या कडेने दगड टाकू द्या, म्हणजे पोरांच्यात असेल.

वाळूसाठी चौपाटीला जात असाल तर पाऊस संपल्यावर. पावसाळ्यात जुहूच्या वाळूत ते ब्लू बॉटल नावाचे जेलीफिशसारखे निळे जीव येऊन पडतात, दिसायला फुग्यासारखे आणि शेपटी लागली की आग. स्पर्शाला आधीच घाबरणाऱ्या पोराला तो अनुभव नकोच.

कासव | १३ जुलै, सकाळी ८:१५

सासूबाईंना माझ्याकडून चहा.

माहीमची_मासोळी | १५ जुलै, दुपारी ४:२०

मध्येच घुसते. माझी मुलगी उलट आहे. सगळ्याला हात लावते, भिंतीला गाल घासते, मासे साफ करताना खवले मुठीत घेते, पडली तर रडतही नाही. हे पण यातच येतं का?

ओटीवाली | १५ जुलै, रात्री ९:३०

स्पर्श कमी पोचणारी, म्हणून शोधत फिरणारी मुलंही असतात. एकाच मुलात दोन्ही दिसू शकतं. पण पडल्यावर, भाजल्यावर सुद्धा रडत नसेल तर ते आधी डॉक्टरांना सांगा, खेळाचं नंतर. तुमच्यासाठी वेगळा धागा काढा, इथे गुंता होईल.

जुई_भांडुप | ६ सप्टेंबर, रात्री ११:५०

खूप उशीर झाला लिहायला. मध्ये सायनला जाऊन आलो. केसपेपरपासून घरी परतेपर्यंत पाच तास लागले, पण ज्या मुलीने त्याला पाहिलं तिने पहिला अर्धा तास त्याला हातसुद्धा लावला नाही. जमिनीवर बसून स्वतःशीच ठोकळे रचत होती. घरी करायला तिने दिलेलं जवळजवळ सगळं या धाग्यात होतं. एक नवीन सांगितलं, नखं कापण्याआधी प्रत्येक बोटाचं टोक दोन-तीनदा घट्ट दाबायचं आणि कोणतं बोट आधी ते त्याने सांगायचं. आता जागेपणी कापतो. दोन दिवसांत मिळून दहा बोटं होतात, पण जागेपणी!

मोज्यांचं शंकासुरांसाठी मुद्दाम मोजलंय. पंचवीस मिनिटांवरून चार. अर्थात त्यात थेरपी किती आणि उलटे मोजे किती, ते तुम्हीच ठरवा. केस कापणं जैसे थे. होळीला काय करायचं हा विचार आत्तापासून करतेय. शाळेत जाऊन बोलले, ठशांऐवजी त्याला स्पंज किंवा भेंडी कापून द्या म्हटलं. नव्या बाईंनी लगेच हो म्हटलं, आणि आता म्हणे वर्गातल्या निम्म्या पोरांना भेंडीच हवी असते.

आणि आजचं. गणपतीला आठ दिवस उरलेत. सोसायटीत मुलांची शाडूची कार्यशाळा होती. मी न्यायचं नाही असंच ठरवलं होतं, शाडू म्हणजे गार, ओली, बोटाला बसणारी, सगळं एकदमच. हाच म्हणाला जाऊ या. मी आधी त्याच्याकडून तीन मजले पाण्याच्या बाटल्यांची पिशवी वाहवून घेतली, बघणाऱ्यांना काय वाटलं असेल देव जाणे. तिथे तो वीस मिनिटं लाटण्याने गोळा बडवत होता. मग मूर्तिकार दादांनी विचारलं, "उंदीर कोण करणार?" उंदीर लहान, त्याला लाटणं चालेना. याने एक बोट गोळ्यात खुपसलं. बाहेर काढलं, बघितलं, माझ्या ओढणीला पुसलं. परत खुपसलं.

उंदराला एकच डोळा आहे. दुसऱ्या डोळ्यासाठी दुसरं बोट लागलं असतं, ते नको म्हणाला.

आजी_ऑनलाइन | ७ सप्टेंबर, सकाळी ६:३०

फोटो टाका.

शंकासुर | ७ सप्टेंबर, सकाळी ९:०५

उंदराचा हं, ओढणीचा नको. आणि एक शंका: शाडूचा डाग जातो कशाने? आमच्याकडेही काल कार्यशाळा झाली, पांढरा शर्ट होता.

जुई_भांडुप | ७ सप्टेंबर, सकाळी ९:२०

सुकू द्या आधी, ओला चोळू नका. सुकला की झटकून ब्रश मारा, मग पाण्यात. सासूबाईंनी सांगितलंय.